टकमनबाईंवर विश्वास किती ठेवायचा?

अमेरिकी लेखिका बार्बरा टकमन यांचं ‘द गन्स ऑफ ऑगस्ट’, पहिल्या महायुद्धाच्या पहिल्या महिन्यावरचं पुस्तक, तुम्ही झपाटल्यासारखं वाचलंत, आणि मग कळलं की बाईंकडे डॉक्टरेट नाही, पुलित्झरही इतिहासाचं नाही. म्हणून विचारताय की हा इतिहास धरायचा की कादंबरी.

पुलित्झरचं आधी उरकते. इतिहासाचं पुलित्झर अमेरिकेच्या इतिहासासाठी असतं. हे पुस्तक १९१४च्या युरोपातल्या युद्धाचं, म्हणून १९६३ साली त्याला ललितेतर गद्याचं पारितोषिक मिळालं. त्यावरून बाईंची योग्यता ठरत नाही.

खरी शंका वेगळी आहे: इतकं रंगतंय म्हणजे रंगवलेलं असणार. ब्रिटिश फौजेच्या मोहिमेच्या सुरुवातीला ढगांचा गडगडाट होतो आणि सूर्य रक्तासारखा लाल होऊन मावळतो, ते वाक्य आठवतंय? मी तिथे समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. पुढे त्यांच्याच एका लेखात उत्तर सापडलं. त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या आठवणींत तो गडगडाट आणि तो सूर्यास्त जसाच्या तसा आहे. बाईंचं कसब एवढंच, की हजार तपशिलांतून तो उचलला आणि नेमक्या जागी ठेवला. लिहिण्याआधी त्या भाड्याची छोटी रेनो घेऊन ऑगस्टमध्येच ती रणक्षेत्रं फिरल्या; घोडदळाने तुडवलेली शेतं त्या महिन्यात कशी दिसतात ते त्यांना बघायचं होतं.

त्यांचा संयम बघायचा तर ‘गोबेन’ या जर्मन युद्धनौकेचं प्रकरण पुन्हा काढा. भूमध्य समुद्रातली ती चकमक एका प्रवासी बोटीवरून अमेरिकी राजदूत मॉर्गेनथाऊ यांची मुलगी, जावई आणि तीन नातवंडं बघतात. त्यातलं अडीच वर्षांचं नातवंड म्हणजे स्वतः टकमन! पुस्तकात त्याचा चकार शब्द नाही. मला हे फार मोठं वाटतं.

मर्यादा मात्र आहेत. ऑस्ट्रिया-हंगेरी आणि सर्बियाची आघाडी त्यांनी जाणूनबुजून वगळली, आणि तसं सुरुवातीलाच सांगितलंय. त्यामुळे पहिला महिना कसा लढला गेला यासाठी हे पुस्तक बिनधास्त वाचा. युद्ध पेटलं कसं, यासाठी क्रिस्तोफर क्लार्क यांचं २०१२चं ‘द स्लीपवॉकर्स’ जोडीला घ्या. ते बेलग्रेडमधल्या १९०३च्या राजहत्येपासूनच सुरू होतं.