खुब्याच्या कृत्रिम सांध्यातलं प्लास्टिक चेपतं का?

परभणीच्या दादांनी विचारलंय की वडिलांचा खुबा बदलून वर्ष झालं, आता एक्स-रेत मांडीच्या हाडाला बसवलेला बॉल प्लास्टिकच्या वाटीत किंचित वर सरकलेला दिसतो, तर प्लास्टिक चेपत चाललंय का? मी डॉक्टर नाही. वाळूजला प्लास्टिकच्या कामात आयुष्य गेलं, त्या जोरावर सांगतो.

चेपतं, हो. पण चेपणं वेगळं आणि झिजणं वेगळं. एक्स-रेत मात्र दोन्ही सारखंच दिसतं. नवी बाज विणली की सुरुवातीला झोळ पडतो, मग ती बसते. वाटीचंही तसंच. चालताना खुब्यावर वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, त्याखाली प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या हळूहळू सरकतात. याला क्रीप म्हणतात. त्यातलं बहुतेक पहिल्या वर्ष-दोन वर्षांत उरकतं आणि त्यात कण सुटत नाहीत. झीज मात्र चालूच राहते, आणि सुटलेल्या बारीक कणांमुळे भोवतालचं हाड खाल्लं जाऊन वाटी ढिली होते. भ्यायचं ते याला.

प्लास्टिक म्हणजे जात पॉलिथिनचीच, पण रेणुभार 20 ते 60 लाख. साखळी इतकी लांब की एकच साखळी अनेक स्फटिकांतून ओवलेली असते, म्हणून सहजासहजी सरकत नाही. वितळलं तरी वाहत नाही हो हे! आमच्या मोल्डिंग मशीनला घातलं तर नोझलमधून येणारच नाही. पावडर तापवून, दाबून ठोकळा करायचा आणि त्यातून मशीनवर वाटी कोरायची.

इंग्लंडचे सर्जन जॉन चार्नली यांनी वाटीसाठी आधी टेफ्लॉन वापरलं होतं. गुळगुळीत खरं, पण काही वर्षांतच झिजून गेलं. 1962 पासून त्यांनी हे पॉलिथिन घेतलं. 1990 च्या दशकाच्या शेवटी किरणोत्सर्गाचा मारा करून साखळ्या एकमेकींना जोडलेलं, म्हणजे क्रॉसलिंक केलेलं, प्लास्टिक आलं. झीज खूपच घटली, पण सुरुवातीचं चेपणं त्यानेही पूर्ण थांबत नाही. शिवाय तडा सोसायची ताकद थोडी कमी होते, त्यामुळे वाटीची कडा फार पातळ ठेवून चालत नाही.

तेव्हा एका एक्स-रेवरून घाबरू नका. ऑपरेशननंतरचा पहिला, आत्ताचा आणि पुढच्या वर्षीचा असे तिन्ही शेजारी ठेवून मोजायला सांगा. बसण्याचा काळ सोडून पुढची झीज वर्षाला 0.1 मिमीच्या आत असेल, तर हाड खाल्लं जाण्याचा धोका फार कमी असतो. दुखणं किंवा लंगडणं वाढलं तर मात्र पुढच्या वर्षाची वाट बघू नका. आणि वाटी साधी की क्रॉसलिंकवाली, ते डिस्चार्जच्या फाइलमधल्या इम्प्लांटच्या स्टिकरवरून डॉक्टरांना कळेल. ती फाइल जपून ठेवा.