उपग्रहावरच्या लेझरने कार्बन डायऑक्साइड कसा मोजतात?

प्रश्न : चुन्याची निवळी दुधाळ झाली की कार्बन डायऑक्साइड आहे, असे आम्ही वर्गात दाखवतो. हाच रंगहीन वायू आता उपग्रहावरून लेझरने मोजतात, असे वाचनात आले. इतक्या उंचीवरून हे कसे साधते? सूर्यप्रकाशावर चालणारे उपग्रह हे काम आधीपासून करीत असताना लेझर कशासाठी हवा?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : हा वायू रंगहीन आहे तो आपल्या डोळ्यांपुरता. तो उष्णतेचे अदृश्य किरण शोषून घेतो, हे भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ मध्येच प्रयोगाने दाखवले होते. हे शोषण सरसकट होत नाही, तर ठरावीक तरंगलांबींच्या अत्यंत बारीक रेषांमध्ये होते. अशा रेषांचा एक समूह १५७२ नॅनोमीटरच्या आसपास आहे. तेथे बाष्पाची लुडबुड कमी असते आणि दूरसंचाराच्या प्रकाशतंतूंसाठी विकसित झालेले तंत्रज्ञानही जवळपासच्याच तरंगलांबीचे असल्यामुळे हाताशी असते, म्हणून अनेक संशोधकांनी हीच जागा निवडली.

उपकरण जमिनीकडे लेझरचे दोन स्पंद, म्हणजे प्रकाशाचे क्षणिक झोत, लागोपाठ सोडते. एकाची तरंगलांबी शोषणरेषेवर असते, तर दुसऱ्याची तिच्या किंचित बाजूला. दोन्ही जवळजवळ त्याच जागेवर आपटतात आणि त्यांतला अगदी थोडा प्रकाश दुर्बिणीत परत येतो. जमीन काळी असो वा पांढरी, हवेत धूळ असो वा नसो, त्याचा परिणाम दोन्ही स्पंदांवर जवळपास सारखाच होतो. मात्र कार्बन डायऑक्साइडचा फटका प्रामुख्याने पहिल्यालाच बसतो. त्यामुळे दोन्ही प्रतिध्वनींच्या तीव्रतेचे गुणोत्तर काढले की बाकीचे परिणाम बहुतांशी छेदले जातात आणि वाटेत या वायूचे किती रेणू लागले, एवढेच उरते. एका मापनात दुसरे मापन तुलनेसाठी असे गुंफून ठेवणे मला या पद्धतीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. अमेरिकेचा २०१४ मध्ये सोडलेला ओसीओ-२ उपग्रह जमिनीवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशातले शोषण मोजतो आणि त्याचे काम मोलाचे आहे. पण त्याला रात्री काही दिसत नाही आणि ध्रुवांजवळच्या दीर्घ हिवाळी काळोखातही तो निरुपयोगी ठरतो. वनस्पती दिवसा हा वायू घेतात, रात्री केवळ सोडतात. त्यामुळे फक्त दिवसाची नोंद म्हणजे एकच बाजू लिहिलेली जमाखर्चाची वही होय.

याहूनही मोठी अडचण वाटेच्या लांबीची आहे. विरळ ढगांमुळे किंवा धुळीमुळे सूर्यकिरण मध्येच विखुरले, तर ते नेमके किती हवेतून आले हे खात्रीने सांगता येत नाही. लेझरच्या स्पंदाचे तसे नसते. तो ७०५ किलोमीटर उंचीवरून जमिनीपर्यंत जाऊन सुमारे ४.७ मिलिसेकंदांत परततो, या वेळेवरून वाटेची लांबी कळते आणि ढगावरून आलेला प्रतिध्वनी त्याआधीच येऊन पोचत असल्यामुळे वेगळा ओळखता येतो. ही अचूकता किती लागते, ते पाहा. समुद्रसपाटीजवळ आठ मीटर चढले की हवेचा दाब, म्हणजेच डोक्यावरची हवा, साधारण एक सहस्रांशाने घटते. म्हणजे उंची ठरवण्यात आठ मीटरची चूक झाली, तर हवेतल्या या वायूच्या सुमारे ४२० पीपीएम (दर दहा लाख रेणूंमागे ४२० रेणू) प्रमाणात सुमारे ०.४ पीपीएमची चूक होते. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत या प्रमाणातला वर्षभरातला चढउतारच सहा-सात पीपीएम असतो. तेव्हा अशा चुका दुर्लक्षून चालत नाही.

या कामासाठी लेझरचा उपग्रह असावा, अशी शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००७ मधील अहवालात होती. तेथील संशोधकांनी डीसी-८ विमानातून अशा उपकरणांच्या चाचण्या घेतल्या. विमान घिरट्या घालत खाली उतरताना आतल्या उपकरणाने बाहेरच्या हवेतला वायू थेट मोजायचा आणि लेझरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. प्रत्यक्षात अंतराळात पहिले पाऊल चीनने टाकले. एप्रिल २०२२ मध्ये सोडलेल्या दाछी-१ या उपग्रहावर हे उपकरण आहे.

लेझरलाही दाट ढग भेदता येत नाही. आपल्याकडच्या भर पावसाळ्यात तो ढगांच्या फटींतून किंवा ढगाच्या माथ्यापर्यंतच मोजू शकतो. शिवाय त्याची नोंद उपग्रहाच्या मार्गाखालच्या एका अरुंद रेषेपुरतीच असते आणि एका स्पंदातून मिळणारे उत्तर गोंगाटाने भरलेले असल्यामुळे अनेक स्पंदांची सरासरी घ्यावी लागते. म्हणून १९५८ पासून मौना लोआवर चालत आलेली जमिनीवरची नोंद आणि उपग्रह ही दोन्ही कामे एकमेकांच्या आधारानेच चालतात.