सातपूरच्या आमच्या कारखान्यात ईआरपी (उत्पादन, स्टॉक, हिशेब एकाच जागी ठेवणारं सॉफ्टवेअर) आलं, पण जुने ऑपरेटर टॅबवर नोंद करत नाहीत. काय करावं?

सगळ्यांना एकदम हॉलमध्ये बसवून शिकवू नका. प्रत्येक शिफ्टमधला, ज्याचं बाकीचे ऐकतात असा एक ऑपरेटर आधी तयार करा आणि इतरांना त्याच्याकडून मशीनपाशीच शिकू द्या. अंबडला स्टोअर्स सांभाळताना हेच चाललेलं पाहिलंय. सुरुवातीला जॉब कार्ड (त्या कामाची चिठ्ठी) नंबर, चांगले नग आणि रिजेक्शन (खराब निघालेले नग) एवढंच भरायला ठेवा, तेही मराठीत. घोडं बहुधा रिजेक्शनपाशी अडतं: आकडा आपल्यावरच शेकेल म्हणून लोक तो लिहीत नाहीत. त्यावरून पगार कापणार नाही, हे सुपरवायझरने स्पष्ट सांगावं (आणि खरंच कापू नये). कागदी रजिस्टर मात्र लगेच बंद करू नका. महिनाअखेरचा स्टॉक दोन्हीकडे जुळला की मगच.