गुण शंभर, तरी फॉर्म भरेना

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या छोट्या संस्थेची वेबसाइट मी एकटाच सांभाळतो. लाइटहाउस या गूगलच्या तपासणी साधनाने ॲक्सेसिबिलिटीला, म्हणजे अपंगांनाही साइट वापरता येण्याला, १०० पैकी १०० गुण दिले. तरी एका अंध सभासदाने कळवलं, की नोंदणीचा फॉर्म भरताच येत नाही. मित्र म्हणतो, कोपऱ्यात अक्षर-रंग बदलून देणारं तयार विजेट बसव, प्रश्न मिटला. कोणाचं ऐकू?

उत्तर : सभासदाचं. लाइटहाउस खोटं बोलत नाही. त्याला जेवढं तपासता येतं तेवढंच ते तपासतं. निकालाखाली, हाताने काय तपासायचं याची यादीही देतं, पण १०० दिसल्यावर ती उघडतो कोण?

मी पडदा बघत नाही, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ऐकते. असे फॉर्म रोज वाट्याला येतात, म्हणून अंदाज सांगते. माउस बाजूला ठेवा आणि नुसतं टॅब दाबत नावाच्या रकान्यापासून ‘पाठवा’पर्यंत जा. बहुतेक तुम्ही ‘पाठवा’वर थांबणारच नाही, थेट तळाच्या लिंकवर उतराल. कारण ते बटन नसतंच. सीएसएसने, म्हणजे पानाच्या सजावटीच्या भाषेने, बटनासारखा सजवलेला डिव्ह, म्हणजे नुसता कप्पा, असतो. माउसने चालतो, कीबोर्डला तो ठाऊकच नसतो, आणि यंत्राच्या तपासणीतून असा डिव्ह सहज निसटतो. त्या जागी खरा बटन टॅग घाला. टॅबने पोहोचणं, एंटर, स्पेस, ‘हे बटन आहे’ असं ऐकू येणं, सगळं आयतं मिळतं. डिव्हलाच एरियाचा, म्हणजे स्क्रीन रीडरला घटकाची ओळख सांगणाऱ्या खुणांपैकी, ‘बटन’ हा रोल चिकटवलात, तर मी ‘बटन’ असं ऐकेन खरी, पण कळा चालवायचं काम तुमच्याच गळ्यात. साधा एचटीएमएल घटक असेल तर तोच वापरा, हा एरियाचा पहिलाच नियम आहे.

आता फोन नंबर मुद्दाम रिकामा सोडून फॉर्म पाठवा. रकान्याची कड लाल झाली, एवढंच ना? मला तेवढंही कळत नाही. मी एंटर दाबत राहते, पान ढिम्म. चूक शब्दांत लिहा, ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’ने तो मजकूर रकान्याला जोडा आणि फोकस, म्हणजे कीबोर्ड सध्या जिथे आहे ती जागा, पहिल्या चुकलेल्या रकान्यावर न्या. जाता जाता सीएसएसमध्ये ‘आउटलाइन : नन’ शोधा. ही ओळ फोकसभोवतीची निळी चौकट पुसते. ती चौकट डिझाइनरला खुपते, पण हात थरथरतो म्हणून कीबोर्ड वापरणाऱ्याला आपण कुठे आहोत हे तीच सांगते.

मग एनव्हीडीए उतरवून घ्या. विंडोजवर चालतं, फुकट आहे. मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने ते २००६ मध्ये लिहायला घेतलं. पान उघडून इन्सर्ट आणि एफ७ दाबा : लिंक, मथळे, फॉर्मचे रकाने, बटनं यांच्या याद्या समोर येतील. लिंकच्या यादीत एकाखाली एक ‘येथे क्लिक करा’ दिसलं, तर मी काय ऐकते ते समजेल. नंतर मॉनिटर बंद करून तोच फॉर्म भरा.

आणखी एक. पानाच्या सुरुवातीला भाषा सांगणाऱ्या लँग या गुणधर्मात ‘एमआर’ (मराठी) आहे की टेम्प्लेटसोबत आलेलं ‘ईएन’ (इंग्रजी) तसंच राहिलंय, ते पाहा. ‘ईएन’ असेल, तर स्क्रीन रीडर मराठी मजकुराला इंग्रजी आवाज लावू शकतो, आणि मग जे कानावर येतं ते मराठीही नसतं आणि इंग्रजीही. लाइटहाउस तिथे भाषेची वैध खूण आहे का एवढंच बघतं. मजकूर खरंच त्या भाषेत आहे का, हे बघत नाही.

विजेटचे पैसे वाचवा. अक्षर मोठं करणं, रंग उलटे करणं, वाचून दाखवणं, ही साधनं आमच्याकडे आधीपासून आहेत, आमच्या सवयीची. असं विजेट कोणतीही वेबसाइट नियमांत बसवतं, असा दावा करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले.

प्रश्न : पांढऱ्यावर राखाडी अक्षरं किती फिकी चालतात? डिझाइनर म्हणतो, #७७७७७७ पुरेसा गडद आहे.

उत्तर : थोडक्यात हुकलाय. डब्ल्यूसीएजी या ॲक्सेसिबिलिटीच्या नियमावलीच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात ४.५ : १ कॉन्ट्रास्ट लागतो. #७७७७७७ जातो ४.४८ वर, #७६७६७६ पास होतो ४.५४ ने. पण काठावर पास होण्यात काय शहाणपण? उन्हात मोबाइल धरून वाचणाऱ्यालाही गडद अक्षर हवंच असतं. मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतं. तेही नियमाला चालतं म्हणून, वाचायला सुखाचं असतं म्हणून नव्हे.

प्रश्न : निव्वळ शोभेच्या चित्राला पर्यायी मजकूर काय द्यावा?

उत्तर : काहीच नाही. मात्र अल्ट हा पर्यायी मजकुराचा गुणधर्म गाळू नका, रिकामा ठेवा. गाळलात, तर स्क्रीन रीडर कधी कधी फाइलचं नावच वाचत बसतो.