बाबांना दोन औषधांच्या ट्रायलमध्ये घालावं का? – माझं उत्तर

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. बाबा ५९ वर्षांचे, मोठ्या आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये गेलेला, ऑक्सॅलिप्लॅटिनची किमो सात महिने झाली आणि आता सीईए (आजाराचा अंदाज देणारी रक्ततपासणी) परत चढायला लागलं. रिपोर्टमध्ये ब्रॅफ म्युटेशन, म्हणजे कॅन्सरच्या पेशीतल्या ब्रॅफ नावाच्या जनुकात बदल, निघालं. डॉक्टर म्हणतात दोन औषधं एकत्र देण्याची एक ट्रायल, म्हणजे पेशंटवर होणारी औषधांची चाचणी, आहे. मोठे काका म्हणतात, 'आपल्या माणसाला प्रयोगाचा उंदीर नाही करायचा.' आणि जाता जाता तुम्ही विचारलंत, इतकी औषधं आहेत तर सगळी एकदमच का देत नाहीत?

मी डॉक्टर नाही, बँकेतून रिटायर झालेला माणूस. बायकोला हाच आजार होता, चार वर्षं आमचा संसार नागपुरातल्या मेडिकल चौक ते धंतोली एवढ्यातच फिरत होता. ती गेल्यावर एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर (ट्रायल पेशंटच्या हिताची आहे का ते तपासणारी समिती) 'सामान्य व्यक्ती' म्हणून बसायला लागलो. ट्रायलबद्दलच्या २०१९ च्या सरकारी नियमांप्रमाणे कमिटीत किमान ७ जण लागतात आणि त्यात एक तरी साधा माणूस असावा लागतो. तो मी. चहा-बिस्किटं आणि चारशे पानांच्या फायली.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेतो, कारण खरी गोम तिथेच आहे. आपल्याला वाटतं औषधात औषध घातलं की बेरीज होते. २००९ मध्ये नेदरलँड्सच्या एका ट्रायलचे निकाल आले, कायरो-२. ७५५ पेशंट. सगळ्यांना कॅपेसिटाबिन, ऑक्सॅलिप्लॅटिन आणि बेव्हासिझुमॅब. निम्म्यांना वरून सेटुक्सिमॅब. हे चौथं औषध काही टाकाऊ नाही, एकटं किंवा साध्या किमोबरोबर ते बऱ्याच जणांना उपयोगी पडतं. सगळ्यांची अपेक्षा होती की चार म्हणजे उत्तमच. निघालं उलटं. तीन औषधांवाल्यांचा आजार मध्यक १०.७ महिने आटोक्यात राहिला, चारवाल्यांचा ९.४. मध्यक म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त. अंगावर पुरळ आलं ते वेगळंच. ट्रायल झाली नसती तर ते चौथं औषध किती जणांनी शेत विकून घेतलं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आता बाबांचं ब्रॅफ. या म्युटेशनवरची गोळी, वेमुराफेनिब, त्वचेच्या मेलॅनोमा नावाच्या कॅन्सरमध्ये फार चांगली चालली. मग साहजिकच आतड्याच्या कॅन्सरला देऊन पाहिली. म्युटेशन तेच, गोळी तीच, आणि २१ पेशंटपैकी गाठ नीट लहान झाली ती फक्त एकाची. का, ते २०१२ मध्ये अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी शोधलं. पेशीला 'वाढ, वाढ' म्हणणारा निरोप वरून खाली एका साखळीतून जातो. ब्रॅफ त्या साखळीची मधली कडी. आतड्याच्या पेशीत ती कडी दाबली की वरचा ईजीएफआर नावाचा रिसेप्टर (बाहेरचा निरोप घेणारं पेशीचं दार) चेकाळतो आणि निरोप दुसऱ्या वाटेने पोचवतो. वर्धा रोड बंद केला की गाड्या आतल्या गल्ल्यांतून निघतात ना, तसंच. मेलॅनोमाच्या पेशीत हा ईजीएफआर फारसा नसतोच, म्हणून तिथे एका गोळीने भागतं.

म्हणजे दोन्ही वाटा एकदम अडवायच्या. ब्रॅफसाठी एन्कोराफेनिब, ईजीएफआरसाठी तेच सेटुक्सिमॅब. गंमत बघा, जे औषध कायरो-२ मध्ये नडलं तेच इथे लागतं. बीकन नावाची मोठी ट्रायल झाली, ६६५ पेशंट, सगळ्यांचे आधीचे उपचार थकलेले. तीन गट केले: एकाला ही दोन औषधं, एकाला तिसरं बिनिमेटिनिब घालून तीन, आणि एकाला त्या वेळचा नेहमीचा उपचार. पुढच्या हिशेबात तीनवाल्यांचं आयुष्य मध्यक ९.३ महिने, दोनवाल्यांचंही ९.३, नेहमीच्या उपचारावर ५.९. तिसऱ्या औषधाने आयुष्य वाढवलं नाही, तीव्र त्रास मात्र वाढवला. म्हणून एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती दोघांच्या जोडीला. 'तीन का नाही' याचं उत्तर असं तीन गट पाडूनच मिळतं, कुणाच्या अनुभवी अंदाजाने नाही.

हे आकडे गोड नाहीत, मला माहीत आहे. ५.९ चे ९.३ म्हणजे बरं होणं नव्हे. डॉक्टरांच्या तोंडून 'चांगला रिझल्ट' हा शब्द निघाला की घरचे वेगळंच ऐकतात, आम्हीही ऐकलं होतं. ट्रायलच्या भाषेत गाठींच्या मापांची बेरीज ३० टक्क्यांनी घटली की 'प्रतिसाद', २० टक्क्यांनी वाढली की 'आजार वाढला'. या मापात बाबा कसे आहेत, जेवले का, झोपले का, हे येत नाही.

बायकोची ऑक्सॅलिप्लॅटिन मे महिन्यात चालू होती. नागपूरचा मे, पारा ४५ ला, आणि हिला थंडाचा स्पर्श चालेना. माठातलं पाणी घोटलं की घशात काचा टोचल्यासारखं, फ्रिजच्या हँडलला हात लागला की बोटांना झिणझिण्या. कूलरसमोर सगळं घर, ती एकटी मागच्या खोलीत कोमट पाण्याचा गडू घेऊन. कंबरेला ४६ तासांचा पंप बांधलेला. तिच्या फाइलीत याची नोंद होती: 'ग्रेड २', म्हणजे मध्यम त्रास. तेव्हापासून कमिटीत कुठलाही तक्ता आला की मी ग्रेड २ चा रकाना आधी वाचतो. तुमच्या ट्रायलमध्ये सेटुक्सिमॅब असेल तर चेहऱ्यावर, छातीवर पुटकुळ्या येतील, मॅग्नेशियम उतरू शकतं. पुरळावरची औषधं पहिल्या दिवसापासून देणार की आल्यावर बघणार, हे विचारून घ्या.

काकांचा उंदीर. त्यांचा राग समजतो. आपल्या देशात पेशंटला न सांगता सुया टोचल्याच्या कहाण्या खोट्या नाहीत. पण आज ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावीच लागते, २००९ पासून ते सक्तीचं आहे. नंबर मागा आणि घरी बसून काकांनाच वाचायला द्या. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई, कधीही बाहेर पडण्याचा हक्क, हे सगळं २०१९ च्या नियमांत आहे. सहीआधी माहितीपत्रक घरी नेऊ देत नसतील तर तिथून उठा.

पण ते पत्रक खरंच वाचा, ताई. आमच्याकडे एकदा मराठी भाषांतर आलं, त्यात लिहिलं होतं: 'औषध चालू असताना द्राक्षे खाऊ नयेत.' इंग्रजीत होतं ग्रेपफ्रूट! ते फळ पपनसाच्या नात्यातलं, काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. द्राक्षाचा काय संबंध? परत पाठवलं, तर दुरुस्त होऊन आलं 'संत्री-मोसंबी वर्ज्य'. नागपुरात! मी म्हटलं, बाप्पा, फळाचं नाव आहे तसंच ठेवा आणि खाली एक ओळ लिहा की आपलं संत्रं हे नव्हे.

डॉक्टरांना विचारायचं ते मुख्यतः हे की दुसऱ्या गटाला काय मिळणार. कोण कुठल्या गटात याची चिठ्ठी कॉम्प्युटर काढतो, डॉक्टरांच्या हातात नसतं. दुसऱ्या गटात आजचा चांगला उपचार असेल तर बाबांचं नुकसान नाही. तिथे जुनापुराणा, कुणी आता देत नाही असा उपचार असेल तर मी स्वतः सही करणार नाही. दुसरं, एमएसआय (गाठीच्या पेशीत डीएनए-दुरुस्ती बिघडली आहे का ते दाखवणारी तपासणी) तपासलंय का? ब्रॅफवाल्यांपैकी काहींत ते 'हाय' निघतं आणि मग गोष्टच बदलते. अशा पेशंटमध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीने (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध) पहिल्याच उपचारात आजार मध्यक १६.५ महिने रोखला होता, किमोने ८.२. आधी हे, मग ट्रायल.

आणि ब्लॉक शोधून ठेवा. ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्याचा मेणाचा ठोकळा, काडेपेटीहून लहान. ट्रायलवाले तो मागतातच. आमचा ज्या लॅबमध्ये होता तिथे आधी 'नाही', मग 'गोडाऊनमध्ये', मग 'उद्या या' असं अकरा दिवस चाललं. ट्रायलमध्ये घ्यायच्या आधी जुन्या किमोपासून काही आठवड्यांचं अंतर लागतं, शिवाय बिलिरुबिन (लिव्हर बिघडलं की वाढणारं), प्लेटलेट ठरावीक मर्यादेत असावं लागतं. लिव्हरमध्ये आजार असताना अकरा दिवस पुष्कळ होतात.

सेंटर मुंबईत असेल तर दर फेरीचा हिशेब मांडा. विदर्भ एक्सप्रेसची एक रात्र जायला, एक यायला, मध्ये राहणं, सोबत एक माणूस. प्रवासखर्च ट्रायल देते का, ते पत्रकात लिहिलेलं असतं. नसेल तर लिहून मागा. बाबांना स्वतःला काय वाटतं हे तुमच्या पोस्टमध्ये कुठे दिसलं नाही. काकांचं आहे, तुमचं आहे, डॉक्टरांचं आहे. सही त्यांची लागणार.

रिपोर्टवर ब्रॅफच्या पुढे नेमकं 'व्ही६००ई' (V600E, त्या म्युटेशनचा प्रकार) लिहिलंय का ते बघा. दुसरं काही असेल तर वरचं बरंचसं लागू होत नाही. नाव आणि फोन नंबर झाकून तेवढा भाग इथे टाका, मी रात्री बघतो.