मार्चअखेरीस चोपड्यात वाळवण : अंदाज रोज बदलतोय, कुरडया कधी घालाव्यात?

ताई, तुम्ही पुण्याहून रविवारी चोपड्याला सासरी येताय, आठवडाभर आहात आणि सासूबाईंसोबत वर्षाचं वाळवण उरकायचं आहे. मोबाइल सांगतोय : सोमवार-मंगळवार कडक ऊन, बुधवारी पावसाची शक्यता ४० टक्के, गुरुवारी विजांसह पाऊस, शुक्रवारी ढगाळ, मग पुन्हा ऊन. कालपर्यंत तोच गुरुवार कोरडा दिसत होता, मग भरवसा कशाचा धरायचा, असं तुम्ही विचारलंय. मी चोपड्यातच राहते, आमच्या गल्लीत सगळ्या जणी मिळून वाळवण करतो, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी थेट सांगते : रविवारी आल्या आल्या गहू भिजत घालू नका. रविवारी संध्याकाळी भिजवले तर तीन दिवस पाणी बदलत बुधवारी संध्याकाळी वाटणार, चीक रात्रभर बसणार आणि सोऱ्या हातात येईल तो नेमका गुरुवारी सकाळी. कुरडईची अडचण हीच आहे. गहू भिजवायचं आज ठरवावं लागतं आणि ऊन लागतं चार दिवसांनी.

अंदाज बदलतो त्याला कारण आहे. या दिवसांत उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारे ढगाळ-पावसाळी हवेचे पट्टे, सरकत असतात, त्यातच समुद्रावरून थोडं बाष्प येतं, आणि खाली आपल्या तापीकाठची जमीन चाळिशीच्या आसपास तापलेली असते. दुपारी ढग उभे राहतात ते एवढ्याशा जागेत. हवामान विभागाने मे २०२५ पासून ६ किलोमीटरच्या चौकटींचं मॉडेल वापरात आणलंय. आधीची चौकट १२ किलोमीटरची होती. तरीसुद्धा एखादा वळिवाचा ढग त्या चौकटीतही मावून जातो. चोपड्यात रस्ते वाहतील आणि अडावदला धूळसुद्धा बसणार नाही, असं होतं. म्हणून चार-पाच दिवसांपुढचं 'गुरुवारी पाऊस' हे वाक्य गावापुरतं धरू नका. 'बुधवार ते शुक्रवार हवा बिघडलेली' एवढंच त्यातून घ्या. हा भाग सहसा खरा निघतो.

४० टक्क्यांनी घाबरूनही जाऊ नका. अशा दहा दिवसांतले सहा कोरडे जातात. शिवाय मार्चातला अवकाळी बहुतेक वेळा दुपारी तीन-चारनंतर येतो, त्यामुळे दिवसाच्या आकड्यापेक्षा तासागणिक अंदाज उघडून बघा. सकाळी आठ ते दोन ऊन मिळणार असेल तर पातळ वाळवण बऱ्यापैकी सुकतं. जिल्ह्याचा पाच दिवसांचा इशारा हवामान विभागाच्या पानावर रोज बघा. जळगाव जिल्हा पिवळा असेल तर गच्चीवर कुणीतरी घरचं माणूस हवं. नारिंगी असेल तर काही पसरूच नका. विजांसाठी 'दामिनी' ॲप फोनवर ठेवा, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे.

आता माझ्या मते आठवडा असा लावा. सोमवारी साबुदाण्याच्या चकल्या आणि बटाट्याचा कीस. साबुदाणा रात्री भिजवला की झालं, आणि मंगळवारच्या दुसऱ्या उन्हात काम संपतं. बिबड्यांची (आपल्याकडचे ज्वारीचे पापड) ज्वारी सासूबाईंनी आधीच आंबवून ठेवली असेल तर तेही सोमवारीच सकाळी लवकर थापा, कारण ओल्या कापडावरचा बिबडा ढगाळ हवेत सुटता सुटत नाही. बुधवार-गुरुवार घरात बसून उडदाचे पापड लाटा. त्यांना सावलीच मानवते, कडक उन्हात ते तडकतात. शेवयाही पंख्याखाली होतात. गहू भिजवा मंगळवारी संध्याकाळी, म्हणजे शुक्रवारी चीक आणि शनिवारी सकाळी कुरडया. झंझावात पुढे सरकला की मागून उत्तरेची कोरडी हवा येते आणि आभाळ धुतल्यासारखं होतं. कुरडईला तेच ऊन हवं.

गुरुवारी शेतकऱ्यांच्या घरातल्या बाया मदतीला येतील असं धरू नका. त्यांचा गहू कापून पडलेला असतो, दादर (रब्बीची ज्वारी) खळ्यात असते, केळीचे घड वाऱ्यावर असतात. गार पडली तर त्यांचं वर्ष जातं. उलट ताडपत्री ओढायला तुम्हीच धावून जा.

घरच्या घरी खूण बघायची तर पहाटे अंग चिकचिकत असेल आणि वारा पूर्वेकडून असेल तर सावध राहा. अकरा-बाराच्या सुमारास सातपुड्यावर फुलकोबीसारखे पांढरे ढग वर वर चढायला लागले की दोनच्या आत गच्ची रिकामी करायची. सातपुडा स्वच्छ, वारा पश्चिमेचा आणि ओठ सुकत असतील तर निवांत राहा.

शुक्रवारी रात्री शनिवारचा अंदाज पुन्हा बिघडला तर चीक शिजवू नका. वरचं पाणी बदलून भांडं फ्रिजमध्ये ठेवा, एक दिवस आरामात निघतो. कुरडया घातल्यावर ढग आलेच तर अर्धवट ओल्या एकावर एक रचू नका. चादरीसकट उचलून पंख्याखाली पसरा, नाहीतर आतून आंबतात. आणि रविवारी तुम्ही निघालात तरी डबे भरायची घाई नको. सोमवार-मंगळवारचं ऊन सासूबाईंना दाखवू द्या, मोडल्यावर कडकन आवाज आला की मगच भरा.