मोरपंखी, ‘इंद्रधनुषी’ आणि मेचक

प्रश्न असा आला आहे: ‘पैठणीच्या दुकानात मोरपंखी म्हणून कधी हिरवी दाखवतात, कधी निळी. खरी कोणती? आणि मोरपिसासारखा बघावं तसा बदलणारा जो रंग असतो, त्याला इंद्रधनुषी म्हणावं का?’

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्या शब्दाने डोकं उठवलं आहे. नाही, म्हणू नये. साबणाचा फुगा इंद्रधनुषी, कबुतराची मान इंद्रधनुषी, सीडीची पाठ इंद्रधनुषी, आता मोबाइलचं कव्हरसुद्धा! एक तर हे रूप हिंदीतून उचललेलं. दुसरं म्हणजे इंद्रधनुष्यात प्रकाश पावसाच्या थेंबात शिरताना आणि बाहेर पडताना वाकतो, प्रत्येक रंग थोडा कमी-जास्त वाकतो आणि रंग सुटे होतात. फुग्याचं तंत्र निराळं. त्याच्या पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, काही रंग बळावतात, काही विझतात. आपण मान जरा तिरकी केली की सगळा हिशेब बदलतो. पिसाचं नातं या फुग्याशी आहे, धनुष्याशी नाही.

शब्द हवाच असेल तर तो आहे: मेचक. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, दोन ठिकाणी सापडतो. धीवर्गात काळ्या रंगाच्या यादीत, ‘कृष्णे नीलासितश्यामकालश्यामलमेचकाः’. आणि सिंहादिवर्गात मोरपिसावरच्या डोळ्यासाठी, ‘समौ चन्द्रकमेचकौ’. काळ्यालाही मेचक आणि त्या झगझगीत डोळ्यालाही मेचक! पंडितमंडळी इथे ‘अनेकार्थी शब्द’ असा शिक्का मारून पुढे सरकतात. त्यांनी एकदा पीस हातात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

पीस दिव्यासमोर धरा आणि आरपार बघा. काळपट तपकिरी, अगदी मळकट. आता दिवा पाठीशी घ्या. तेच तंतू हिरवे, निळे, सोनेरी. कारण पिसात निळा किंवा हिरवा रंग भरलेलाच नाही. आहे ते मेलॅनिन, आपल्या केसांतलं काळं द्रव्य. शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं, की पिसाच्या सूक्ष्म तंतूंत मेलॅनिनच्या बारीक कांड्या केराटिनने (आपल्या नखांतलं द्रव्य) जोडून जाळीसारख्या रचलेल्या असतात. जाळीचं अंतर साधारण 140 नॅनोमीटर असलं की निळा दिसतो, 150 ला हिरवा, 165 च्या आसपास पिवळा. माल सगळा काळाच, फरक मांडणीतला. पांढऱ्या मोराच्या पिसात मेलॅनिन नसतं. तिथे डोळ्याचा पुसट आकार उरतो, रंग उडालेला.

तेव्हा माझा कयास असा, की मेचकचे दोन अर्थ नाहीतच. एकच आहे: ज्या काळ्यातून रंग निघतात तो काळा. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने 1665 मध्ये लिहून ठेवलं, की पीस पाण्याने भिजवलं तर रंग नाहीसा होतो. त्याला सूक्ष्मदर्शक लागला, पण भिजलेलं पीस बघायला कसला सूक्ष्मदर्शक? मोरांच्या देशातल्या माणसांनी ते शेकडो पावसाळे पाहिलं असणार. जैन दार्शनिकांनी तर आत्म्यालाच मेचक आणि अमेचक म्हटलं, म्हणजे अनेकरूपही आणि एकरूपही. तिथे नुसता ‘काळा’ लावून बघा, अर्थ लागतो का!

‘पण मेचक संस्कृत आहे, मराठी नाही,’ असं म्हणणारे येतीलच. मग इंद्रधनुषी काय नारायणगावच्या बाजारात पिकला?

आणि मोराचं देणं मराठीत आहेच, रोजच्या वापरात: मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. चुन्याबरोबर पाण्यात कालवून द्राक्षावर, सुपारीवर फवारतात तो. संस्कृतात मयूरतुत्थ. त्या तुत्थाचं हिंदीत ‘थोथा’ झालं (नीलाथोथा) आणि आपल्याकडे, माझ्या मते, ‘चूद’. अमरकोशातलं त्याचं दुसरं नाव आणखी गोड आहे: शिखिग्रीव, मोराची मान. गंमत बघा, मोरचूद नावाने मोराचा, पण गुणाने उलट. त्याची निळाई तांब्याची आणि तांब्याला धरलेल्या पाण्याची. कसाही फिरवा, निळाच. तापवून पाणी उडवा, पांढरा पडतो. पीस दळलं तर निळी पूड मिळत नाही, मळकी मिळते. मोरचूद कितीही कुटा, निळसरच राहतो.

हां, पैठणी. तिथे तिसरीच तऱ्हा आहे. ताणा (उभा धागा) एका रंगाचा, बाणा (आडवा) दुसऱ्या, दोन्ही साधे रंगवलेले. निरी हलली की कधी हा धागा वर दिसतो, कधी तो. त्याला विणकरांचा धूपछाव हा शब्द उत्तम आहे, तिथे मेचक घुसडायचं कारण नाही. राहता राहिलं हिरवी की निळी. मोरचूदाचं ‘शिखिग्रीव’ हे नाव मानेवरून पडलं, कारण तो निळा. साडीचं नाव पंखावरून आहे आणि पिसाऱ्यात हिरवं जास्त. तेव्हा हिरव्याकडे झुकणारी घ्या. निळीधम्मक दाखवून कोणी मोरपंखी म्हणाला, तर तिला मोरचुदी म्हणा आणि भाव पाडून मागा.